कवळीवालीच्या पानावरच्या हिरव्या खुणा

माझ्या तोंडातले दात जिने घडवले, तिच्या संसाराच्या मी आड आले. मुद्दाम नाही आले. पण मुद्दाम नव्हतं म्हटल्याने आड आलेलं माणूस बाजूला होत नाही. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सूनबाई बघेल. बाकीचं माझं मला लिहू दे, असं तिला सांगून बसले आहे.

आमच्या घरात तिला कवळीवालीच म्हणतात. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, एका खिडकीची. तिथे तिने सतरा वर्षं काम केलं. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेतात, तो या खोलीत येतो. ती त्यात प्लास्टर ओतायची, वरून गुलाबी मेणाची हिरडी घडवायची आणि तीत एकेक दात रोवायची. भिंतीवरच्या फळ्यांवर जबडेच जबडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. इतकी तोंडं एका खोलीत आणि सगळी गप्प, असं ठिकाण मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

खरं तर पेशंटने त्या खोलीत जायचं नसतं. पण माझी कवळी तीनदा परत आली. बोलताना शिट्टी वाजायची. शेवटी डॉक्टर कंटाळले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही आत जा आणि जिने केलीय तिच्याशीच भांडा."

भांडायला गेले, तर ही बाई स्टुलावर बसलेली. पस्तिशीची, बारीक, हातभर प्लास्टर, केसांवर प्लास्टर. तिने माझ्यापुढे दुसरं स्टूल सरकवलं.

"आजी, 'सासू' म्हणा."

"म्हणायला कशाला हवं? समोर बसलीय की."

"बरं, 'सून' म्हणा."

"ती क्लास घेतेय."

तिला इतकं हसू आलं की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. मग तिने कवळी काढून घेतली, पुढच्या दातांमागून थोडंसं घासलं, पुन्हा घालायला दिली. सासू, सून, सासर, सगळं नातं शिट्टी न वाजता बाहेर पडलं. तेव्हापासून आमचं जमलं. भाजी आणायला बाहेर पडले की मी तिच्या खिडकीशी थांबायचे.

तिच्या लग्नाला सात वर्षं झालेली. नवरा वेल्डर. लग्नानंतर अकरा महिन्यांनी तो परदेशी कामाला गेला. सहा वर्षांत दोनदा आला, दोन्ही वेळा तीन-तीन आठवडे. बायकोला तिकडे नेता येतं, पण त्या देशाचा नियम असा की आधी तिने तिथल्या भाषेची परीक्षा पास व्हायला हवं. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, चारही. तिने पुस्तक आणलं होतं, एकटी घोकत होती.

मी म्हटलं, "अगं, माझी सून तीच भाषा शिकवते! काखेत कळसा आणि गावाला वळसा."

अशी मीच तिला सूनबाईच्या क्लासात आणली. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

सूनबाईचा क्लास म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल. त्यावर कॉम्प्युटर आणि तिच्या कानांवर हेडफोन. मुलं आपापल्या घरी असतात, पडद्यावर चौकोनाचौकोनात दिसतात. त्यांची एक सामाईक वही आहे, कागदाची नव्हे, ऑनलाइन. सगळ्यांना एकाच वेळी उघडते. प्रत्येकाचं त्यात एक पान. मॅडम विषय देणार, म्हणजे आपली सूनबाई. मुलांनी त्या भाषेत तीन मिनिटं बोलून रेकॉर्डिंग पानावर चिकटवायचं. बाकीच्यांनी ते ऐकून खाली सुचवायचं, इथे चुकलं, तिथे असं म्हण. शेवटी मॅडमने ऐकायचं आणि हिरवी खूण करायची. ती खूण फक्त मॅडमला करता येते. नवीन कॉम्प्युटर आला तेव्हा सूनबाईने आपला जुना टॅबलेट मला गाणी ऐकायला दिला. त्यात ती वही होती. आणि त्या टॅबलेटला अजून वाटत होतं की त्याची मालकीण सूनबाईच आहे.

मला गाण्यांपेक्षा वही आवडायला लागली. वाटाणे सोलत बसायचं आणि एकेकाचं पान उघडायचं. शब्द कळत नसे, पण माणूस कळायचं. एक बँकेतले गृहस्थ होते, ते बोलताना आधी घसा साफ करत. कॉलेजातली एक मुलगी दर वाक्याला हसे. कवळीवालीचं पान सगळ्यात खाली होतं, कारण ती शेवटी आलेली. जेवणाच्या सुट्टीत घासायचं यंत्र बंद करून ती रेकॉर्डिंग करायची. सुरुवातीला यंत्राचा मंदावत जाणारा घरघराट ऐकू येई, मग तिचा आवाज. जपून टाकलेल्या पावलांसारखा.

सूनबाईच्या तीन बॅचेस. वरून पानं तपासत ती खाली येईपर्यंत थकून जायची. वरच्या पानांवर हिरवळ, आणि कवळीवालीचं पान उघडंबोडकं.

एकदा खिडकीशी उभी होते, तर ती म्हणाली, "आजी, मॅडमना माझं काही पसंत पडत नाही वाटतं. तीन झाली. एकालाही खूण नाही."

"अगं, तिला वेळ झाला नसेल."

"इतरांचं बघतात की." एवढंच बोलून ती दात रोवायला लागली.

घरी आले. टॅबलेट उघडला. तिची तिन्ही रेकॉर्डिंग्ज नीट, शेवटपर्यंत ऐकली. मला छान वाटली. आणि मी खूण केली. बोटाने हलकेच दाबलं, हिरवी खूण उमटली आणि शेजारी सूनबाईचा छोटा गोल फोटो आला. तो फोटो मी पाहिला. काही ठाऊक नव्हतं, भोळी म्हातारी, असं मी म्हणणार नाही. सूनबाईच्या नावाने काहीतरी जातंय एवढं मला कळलं होतं. तरी बाकीच्या दोन्ही खुणा केल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, माझं उचललं बोट, लावलं काचेला.

दुसऱ्या दिवशी तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका उजळलेला. "आजी, तिन्ही! तिन्ही बरोबर!" म्हणाली आणि प्लास्टरच्या हाताने माझा हात धरला. मी घरी येऊन साडीवरचं प्लास्टर झटकलं आणि मनाशी म्हटलं, कुणाचं काय गेलं?

मग चौथं आलं, पाचवं आलं. नवव्यापर्यंत मी प्रत्येकावर खूण केली. कधी कधी तर रेकॉर्डिंग पडल्यापडल्या. बाकीची मुलं आधी तिच्या पानावर दोन ओळी लिहायची, तीही थांबली. मॅडमनी बरोबर म्हटल्यावर आपण कोण सांगणारे? मला वाटलं, बघा, आता कुणी तिच्या चुका काढत नाही. पोरगी तयार झाली.

ती परीक्षेला गेली. तीन आठवड्यांनी निकाल आला. वाचणं पास, लिहिणं पास, ऐकणं पास. बोलण्यात नापास.

हे तिने स्वतः येऊन सांगितलं, आमच्या दारात उभं राहून. आत या म्हटलं तरी आली नाही. समोर बसलेल्या बाईंनी तिला एकच गोष्ट दोनदा विचारली म्हणे. ती दोन्ही वेळा तसंच बोलली, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. त्या बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. "मॅडम, मी नेहमी तसंच बोलते," ती सूनबाईला म्हणाली. "नऊच्या नऊ वेळा तसंच बोललेय."

चूक वाटत असती तर ती अडखळली असती, थांबली असती. पण ती तर ठासून बोलून आली.

नवऱ्याने तिकडे दोघांसाठी खोली घेऊन ठेवली होती. ती सोडून तो परत चार माणसांच्या खोलीत राहायला गेला. पुढची परीक्षा पाच महिन्यांनी.

ती गेल्यावर सूनबाईने वही उघडली. एकेक रेकॉर्डिंग लावून ऐकू लागली. मी स्वयंपाकघरात होते, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"पहिल्यापासून एकच चूक," ती माझ्या मुलाला म्हणाली. "वाक्याची घडीच उलटी, शब्द मागचे पुढे. लिहिताना जपते, बोलताना उलटतं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर दोन दिवसांत सुटली असती. आणि मी सगळ्यावर बरोबर म्हटलंय! मला ऐकल्याचं आठवतसुद्धा नाही रे."

"दमतेस तू. झोपेत केलं असशील. वय झालं आता तुझं," तो चेष्टेने म्हणाला.

"तुझ्या आईचं झालं नाही, माझं कसं होईल?" तीही म्हणाली, पण तिचा आवाज हसत नव्हता.

तेव्हा बोलायला हवं होतं मी. तोंड उघडलंही होतं. मग कुकरची शिट्टी झाली आणि मी तिकडे वळले. शिट्टी काय, पुन्हा झाली असती.

पुढचे नऊ दिवस मी गप्प राहिले. खाई त्याला खवखवे. कवळी टोचायला लागली. मुलाला म्हटलं, कवळी सैल झालीय बहुतेक. तो म्हणाला, "मग जा की तुझ्या मैत्रिणीकडे." मी तो रस्ताच सोडला. भाजी लांबच्या दुकानातून आणायला लागले, महाग आणि शिळी. सूनबाई रोज जुनी पानं उघडून बघायची, आणखी कुठे न ऐकता खुणा केल्यात का म्हणून. दुधाचं भांडं गॅसवर राहिलं तरी म्हणायची, "बघा आई, हे असं होतंय माझं." आणि मी तिला म्हणायचे, "होतं गं." देवाशपथ, मी असं म्हणत होते.

दहाव्या दिवशी ती पेन्सिल घेऊन बसली होती. बाजूला कागद.

"काय करतेस?"

"एक बॅच सोडून देते, आई. डोकं चालत नाही माझं. कुणाचं आयुष्य पणाला लावून कशाला शिकवायचं?"

तिची आवडती बॅच होती ती. मी टॅबलेट आणून तिच्यापुढे ठेवला.

"तुझं डोकं चालतंय. खुणा मी केल्या."

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग टॅबलेटकडे.

"किती?"

"तिच्या सगळ्या. नऊ. दुसऱ्या कुणाच्या नाही."

तिने पेन्सिल खाली ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने हळू विचारलं, "आई, ही खूण म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

"शाबासकी."

"शाबासकी नाही ती. ही खूण पडली की ते रेकॉर्डिंग पुन्हा कुणी ऐकत नाही. मुलं ऐकत नाहीत. मीसुद्धा नाही."

मी तिच्या पानावर हिरवळ पेरत होते म्हणून खूश होते. मी तर एकामागून एक नऊ दारं लावून घेतली होती, आणि ती आत बोलत राहिली.

"मी फोन करते तिला," सूनबाई म्हणाली. "चूक माझीही आहे. टॅबलेट मी तसाच दिला. खूण दिसली की हायसं वाटून पुढे गेले, तेही मीच."

"तुझी चूक तू सांग. माझी मी सांगते."

चालत गेले. दवाखान्याला वळसा घालून मागच्या दाराने. ती मेणात दात बसवत होती. मला पाहून म्हणाली, "आजी, कुठे होतात? टोचतेय का?" आणि स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. सांगताना तिच्या हाताकडे बघत होते. सुरी हलायची थांबली.

"तुम्हाला ती भाषा येते?"

"नाही."

"मग नऊ-नऊ वेळा ऐकत काय होतात?"

"तुझा आवाज."

ती फळ्यांवरच्या जबड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सातवं आठवतं?"

मला कुठलं सातवं आणि कुठलं आठवं! मी मान हलवली.

"विषय होता, घरातल्या माणसाबद्दल सांगा. मी नवऱ्याबद्दल बोलले. मराठीत कुणाला सांगितलं नाही ते त्यात मोडकंतोडकं सांगितलं. फोनवर तो बोलतो तेव्हा मला कधी कधी वाटतं, हा कोण माणूस आहे. मला भीती वाटते, तिथे जाऊन अनोळखी माणसाच्या घरात राहायला. असं होतं का मॅडम, असं विचारलं शेवटी. दुसऱ्या दिवशी बघते तर हिरवी खूण." तिने सुरी कापडाला पुसली. "मला वाटलं, मॅडम म्हणतायत, होतं असं. बरोबर आहे तुझं. त्या खुणेवर मी दोन महिने काढले, आजी."

"पोरी," म्हटलं, तेवढंच.

"इथे पेशंट येतात," ती म्हणाली. "कवळी टोचत असते, पण भिडेखातर म्हणतात, छान बसलीय. घरी जाऊन डबीत ठेवतात आणि पेज पितात. मी प्रत्येकाला सांगते, मला बरं वाटावं म्हणून बरं म्हणू नका. दुखतं ते सांगा." मग स्टूल मागे ओढून घेतलं. "नवऱ्याला काय सांगू मी? एका आजीचं बोट लागलं म्हणून?"

"मी सांगते त्याला. लाव फोन."

"नको. तुम्ही आता जा. मला आज दोन कवळ्या द्यायच्यात."

गेले. त्या दिवशी आमच्या घराचा जिना मला फार उंच लागला.

त्याच दुपारी सूनबाईने तिचं सातवं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, या वेळी चूक शोधायला नव्हे. पहिला घरघराट ऐकू आला आणि मी उठले. आता मला ते ऐकायचा हक्क नव्हता. बाहेर येऊन मी दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने सूनबाई फोनवर बोलत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तासभर दार बंद होतं.

दोन रविवार कोरडे गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी बेल वाजली. कवळीवाली. सूनबाईने तिला बोलावलं होतं, समोरासमोर बसून बोलायचा सराव करायला. रेकॉर्डिंगमध्ये चुकलं तर पुसून पुन्हा बोलता येतं, परीक्षेत समोरचं माणूस पुसता येत नाही. मी चहा ठेवायला आत निघाले.

"आजींना बसू दे इथे," ती सूनबाईला म्हणाली. माझ्याशी नाही बोलली.

"त्या कशाला? त्यांना कळत नाही त्यातलं."

"म्हणूनच. तिकडे सगळे असेच बघणार आहेत माझ्याकडे, न कळल्यासारखे. सवय होऊ दे." मग माझ्याकडे वळली. "फक्त मान हलवायची नाही. हसायचं नाही. मी काहीही बोलले तरी."

चार महिने दर रविवारी मी तिच्यासमोर दगडासारखी बसले. सोपं नाही हो ते. माझी मान जन्मापासून सैल आहे, कुणी वाटेत पत्ता विचारला तरी मी आधी हो म्हणते. ती बोलायची, अडायची, माझ्या तोंडाकडे बघायची, आणि माझ्या तोंडावर काहीच नसायचं. सूनबाई मध्येच थांबवून सांगे, घडी उलटी झाली, पुन्हा. ती पुन्हा बोले. कधी डोळ्यांत पाणी यायचं तिच्या. मला वाटायचं, एकदा, एकदाच मान हलवावी. हात मांडीखाली दाबून बसायचे, जशी काही मान हातांनीच हलते. पहिल्यांदा ती तीन मिनिटं न चुकता बोलली तेव्हा सूनबाईने टाळी वाजवली. मी नाही. "आजी, आता चालेल," ती म्हणाली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

ती पास झाली. फार गुणांनी नाही, चार गुण वर. नवऱ्याला तोवर आधीची खोली मिळाली नाही, दुसरी मिळाली, लहान, कारखान्यापासून लांब. हे तिने मला सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. तेही माझ्याच बोटाचं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती सरावाला नेलेले सूनबाईचे जुने हेडफोन परत द्यायला आली. सूनबाई बाहेर गेली होती. मी हेडफोन घेऊन टेबलावर ठेवले. तिला बस म्हटलं, तर म्हणाली सामान बांधायचंय. दारापर्यंत गेले तिच्याबरोबर. इतके महिने जे विचारायचं टाळत होते ते तोंडातून निघालं.

"राग गेला का गं माझ्यावरचा?"

तिने विचार केला. पटकन नाही बोलली. ते बरं वाटलं मला.

"नाही आजी. आहे अजून. पाच महिने म्हणजे काय थोडे झाले?" ती चपला घालायला खाली वाकली. "हा राग बरोबर नेते झालं. तिकडे ओळखीचं असं काय असणार मला? नवरा तर अनोळखी."

"जड होईल गं."

"होऊ दे," म्हणाली, आणि जिना उतरली.